झाकण तेच, पण आत कोण?

नाही ठेवला हो कुणी विश्वास! घरच्यांनी नाही, दारच्यांनी नाही, पोटच्या पोरीनेसुद्धा नाही! मी घसा फोडून सांगतेय, लॅपटॉप हलका झालाय, हलका झालाय, आणि सगळे माझ्याकडे असे बघतायत की जणू माझाच स्क्रू ढिला झालाय! अहो, रोज सकाळी मी तो उचलते, खालचं टेबल पुसते, परत जागेवर ठेवते. पोरीचं लग्न झालं तेव्हापासूनचा नेम आहे माझा. तान्हं पोर रोज उचलणाऱ्या बाईला पोर वाळलं तर कळतं की नाही? का ती काटा आणायला जाते? मग! एक दिवस सकाळी उचलायला गेले आणि हात असा वर गेला... असा! पायरी संपली हे न कळता पाय टाकला की कसा तोल जातो, तसं झालं मला. लॅपटॉप तोच. झाकणावर पोरीने कॉलेजात चिकटवलेली मांजर तीच, तिचा उडालेला कान तोच. पण वजन? गायब! तेव्हाच मी म्हटलं, झाकण तेच, पण आत कोण?

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला लॅपटॉपमधलं काय कळतं? काही नाही कळत! चौथीपर्यंत शाळा झाली माझी, खोटं कशाला बोलू. पण समोरच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून गल्लीचे कपडे मीच दुरुस्त करते. ढगळ ते तंग, तंग ते ढगळ, चेन बदल, अस्तर बदल. वरून कडक कोट आणि आतून अस्तराच्या चिंध्या, अशी माणसं रोज येतात माझ्याकडे. मी पहिलं काय करते? कोट उलटा करते! वरून बघून कुणावर भरवसा ठेवायचा नाही, हे मला कुठल्या शाळेने नाही शिकवलं, अस्तराने शिकवलं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणजे आमचे हे, बस डेपोच्या स्टोअरला होते, आता घरी असतात. घरी असतात म्हणजे मध्ये मध्ये असतात. म्हटलं, "अहो, लॅपटॉप हलका झालाय." तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "हलका नाही झाला, तुझी ताकद वाढलीये." ऐकलंत? ताकद वाढलीये! म्हटलं, वाढली असती तर तुमचा पेपर एवढा वेळ तुमच्या हातात राहिला असता का? मग शेजारणीला सांगितलं. तिला आम्ही दवंडी म्हणतो, तोंडावर नाही म्हणत, पण तिला माहिती आहे. ती मान हलवत म्हणते कशी, "होतं हो असं वयानुसार. आमच्या सासूबाईंनासुद्धा शेवटी शेवटी सगळं हलकं हलकं लागायचं." शेवटी शेवटी! मी लॅपटॉपचं सांगायला गेले आणि हिने मला पार पोहोचवून दिलं!

आणि वजनाचं एक वेळ सोडा. पुरावे होते माझ्याकडे! आधी हा लॅपटॉप चालू केला की असा घुरघुरायचा, की बाहेरच्या बाईला वाटायचं मी मशीनवर बसलेय. आता? चिडीचूप! दबा धरून बसलेल्या माणसासारखा. आधी पडदा उजळला की निळं यायचं. आता कोपऱ्यात एक लाल फळ येतं. एवढंसं! अहो, माझ्या लॅपटॉपमध्ये फळ कधीच नव्हतं! आणि शेवटचं ऐका, खालचा एक स्क्रू मागेच पडून हरवला होता, त्या भोकात मी काळ्या दोऱ्याची गाठ मारून बसवली होती, धूळ जाऊ नये म्हणून. उलटा करून बघते तर गाठ नाही! तिथे नवाकोरा चकचकीत स्क्रू! मला सांगा, कुठला चोर चोरी करून वर डागडुजी करून जातो? साधा चोर असता तर मी घाबरले नसते. हा नीटनेटका चोर होता, आणि नीटनेटक्या चोरासारखा वाईट चोर नाही!

आता तुम्हाला वाटेल, बाई एका जुन्या डबड्यासाठी एवढा थयथयाट का करतेय? सांगते. पोर माझी लांब असते. नोकरी तिकडे, नवरा तिकडचा. लग्न तिने तिच्या मनाने केलं, मी म्हटलं कर बाई, पण दर रविवारी मला तोंड दाखवायचं. फोनवर नाही! फोनवर पोर बटणाएवढी दिसते. बटणाच्या चेहऱ्यावरून काय कळणार, हसतेय का रडून आलीय? सुईत दोरा ओवून ओवून माझे डोळे गेलेत. या पडद्यावर कशी भरघोस दिसते! डोळ्याखालचं काळं दिसतं, मागच्या भिंतीवर काय लटकतंय ते दिसतं, जावई मागून गेला तर कुठल्या तोंडाने गेला तेसुद्धा दिसतं. नवीन घेऊन देतो म्हणाले होते सगळे मिळून. मी हाकलून लावलं! याच लॅपटॉपवर पोर माझी शिकली, याच्यावर डोकं ठेवून झोपली. म्हटलं, हा मरेपर्यंत मला दुसरा नको. आणि तोच आता आतून बदललेला! का बदलावा कुणी? मला पोरीचं तोंड दिसू नये, असं कुणाला तरी वाटतंय. दुसरं काय?

पहिला संशय गेला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यावर. भिंगाचा चष्मा लावून बसतो तो, मोबाइलची आतडी बाहेर काढून. आदल्याच आठवड्यात, जावई कामासाठी येऊन राहिला होता तेव्हा, ह्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे नेला होता, 'साफ करून आणतो' म्हणून. गेले तडक. लॅपटॉप त्याच्या काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "उचल." तो म्हणतो, "काय काकू?" म्हटलं, "उचल आणि सांग." त्याने उचलला. चेहऱ्यावर काही नाही, पण कान लाल! मी अस्तर उलटं करणारी बाई, मला कान दिसत नाहीत होय? म्हटलं, "यातलं काय काढलंस?" तो म्हणतो, "काकू, चालतोय ना?" "चालतोय." "मग?" मग म्हणे! अरे, मग काय मग! उद्या तुझी किडनी कुणी काढून नेली आणि विचारलं, चालतोयस ना, मग? तर चालेल तुला? दुकानात गिऱ्हाइकं होती, ती आली पुढे. मला तर काय, गिऱ्हाईक दिसलं की आवाज चढतोच. म्हटलं, "बघा लोकहो, लॅपटॉप आत जातो गुबगुबीत, बाहेर येतो रिकामा! झाकण तेच, पण आत कोण? तुमचे फोन तपासून घ्या!" एका बाईने खरंच तिचा फोन परत मागून घेतला आणि निघून गेली. तो बिचारा... म्हणजे तेव्हा बिचारा नव्हता, तेव्हा चोर होता... तो नुसता चष्मा पुसत राहिला. एक शब्द नाही! मी म्हटलं, बघा, बोलती बंद! खरा असता तर भांडला नसता का?

घरी आले, ह्यांना सांगितलं. हे एकदम उठून बसले. "भर दुकानात बोललीस?" "मग काय कानात सांगू?" तर हे पाणी प्यायले. तहान नसताना पाणी पिणारा माणूस... पण तेव्हा मी लक्ष दिलं नाही. माझंच चुकलं. नाही, चुकलं नाही, राहिलं.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? ओळखा! सकाळी नेहमीप्रमाणे उचलायला गेले... आणि लॅपटॉप जड! काल हलका, आज जड! लॅपटॉप आहे का पोटुशी बाई? हे शेजारी उभे, आणि ह्यांच्या तोंडावर कोण आनंद! "काय गं, झाला ना बरोबर? म्हटलं नव्हतं, तुझ्या हाताचा दोष होता!" मी म्हटलं, हाताचा दोष रात्रीतून जातो होय? त्यात माझ्या कापड दाबायच्या लोखंडी चकत्या सापडेनात. कागदाचा नमुना कापडावर ठेवून वर दाबायला असतात ना त्या, सासूबाईंपासूनच्या. सगळी खोली उपसली. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "चकत्या? कसल्या चकत्या?" संसार झाला सगळा त्या चकत्यांवरून पाय ठेचकाळण्यात, आणि विचारतात, कसल्या चकत्या!

मग मी म्हटलं, बस्स. आता माझा कायदा. घेतलं जाड रजईचं कापड, आत भरला कापूस, आणि लॅपटॉपला शिवली विजार! हो, विजारच. वरचं झाकण मोकळं, पण बूड बंद, कडा बंद, वायरीपुरती जागा. आणि शिलाई घातली माझी खास, आत वळवलेली, मागे फिरून टाकलेली. ती उसवली तर पुन्हा तशी घालणारा माणूस जगात नाही. म्हटलं, आता ये बाबा नीटनेटक्या चोरा, स्क्रू उघडायच्या आधी माझी टीप उघड! मुंगी शिरणार नाही, वारा शिरणार नाही, अशी फिट्ट शिवली. ह्यांनी बघितलं आणि पुन्हा पाणी प्यायले.

रविवारी बसले समोर. आली पोर पडद्यावर. चेहरा कसातरीच. डोळे सुजलेले. म्हटलं, "रडलीस?" "नाही गं आई." "मग काय?" "आई, तुला एक सांगायचंय." मी खुर्ची पुढे ओढली. "बोल." "आई, मी आता इथे..." आणि पोर गोठली! तोंड उघडं, हात वर, तशीच. मग मान वाकडी होऊन पडद्याचे चौकोन चौकोन झाले, आणि मग काळं! काळंकुट्ट! मी लॅपटॉपला हात लावला तर इस्त्री! विजारीतून चटका!

आता सांगा, आईने काय समजायचं? "मी आता इथे..." इथे काय? इथे राहत नाही? इथे जगत नाही? इथे मार खाते? फोन लावला, तर बटणाएवढी पोर म्हणते, "फोनवर नको, आई. तुझं तोंड बघून सांगायचंय. पुढच्या रविवारी नीट बोलू." अगं, पुढच्या रविवारपर्यंत मी जिवंत राहायला नको का! तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. एका माणसाच्या पँटला मी शर्टाची कॉलर लावली. पुढचा रविवार आला. पोर आली, नमस्कार झाला, "बाबा कसे आहेत" झालं, आणि "तर आई, मी आता इथे..." फट्! काळं! त्याच शब्दावर! तुम्हीच सांगा, ही मशीनची चूक असते? मशीनला काय माहीत कुठला शब्द महत्त्वाचा आहे? आत कुणीतरी बसून ऐकत होतं! ऐकत होतं आणि नेमक्या वेळी तोंड दाबत होतं! मी ह्यांना म्हटलं, "बॅग काढा, आपण निघतोय." हे म्हणाले, "थांब जरा." "का थांबू?" तर म्हणतात, "कुणीतरी येतंय."

आणि बेल वाजली. दारात जावई! एकटा! हातात मोठी बॅग! मागे पोर नाही!

माझ्या डोळ्यांपुढे सगळा चित्रपट फिरला हो. सोडली पोरीला. बॅग घेऊन निघाला, आणि जाता जाता आम्हाला सांगायला आला. म्हटलं, "या जावईबापू." आता जावईच तो, अहो-जाहो करावंच लागतं, पोटात काही का असेना. "पाणी घ्या. आमची मुलगी कुठाय?" तर हा एवढा ताडमाड माणूस दारात वाकून उभा, आणि पहिला प्रश्न काय विचारतो? "आई, लॅपटॉप कुठाय?"

लॅपटॉप कुठाय! बायको कुठाय ते सांगत नाही, आणि लॅपटॉप कुठाय! पाणी आणायला म्हणून आत गेले आणि पडद्याआड थांबले. बघते तर काय, जावई आणि हे, दोघं टेबलावर वाकलेले. हे कुजबुजतायत, "लवकर करा, ती येईल." आणि जावयाच्या हातात माझ्याच डब्यातलं ब्लेड, आणि ब्लेड माझ्या टिपेवर!

"हात वर!" म्हटलं मी. खरंच म्हटलं, जावयाला! ह्यांनी पण वर केले, सवयीने.

मग म्हटलं, उसवा. माझ्यासमोर उसवा. विजार निघाली, स्क्रू निघाले, झाकण निघालं... आणि अहो, पोट रिकामं! खरंच रिकामं! एवढ्या मोठ्या पोटात एका कोपऱ्यात पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पट्टी, तिला चार वायरी, पडद्यासाठी आणखी एक छोटी पट्टी, बस. आणि बाकी पोटात? फडक्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून... माझ्या लोखंडी चकत्या!

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

तर झालं होतं असं. मागे जावई कामासाठी येऊन राहून गेला ना, मागच्या खोलीत दार लावून 'ऑफिसची मीटिंग' करत होता ना, ती मीटिंग याच्यासाठी होती! जुना लॅपटॉप मेला होता. ह्यांनी 'साफ करायला' नेला तो मेलेलाच नेला होता. दुरुस्तीवाल्याने उघडला तर पंख्यात कापडाचा भुगा, दोऱ्याचे तुकडे, एक उशी भरेल एवढे! गुदमरून गेला म्हणे. आता आईला सांगणार कोण? पोर म्हणाली, तिला सांगू नका, ती रडेल, आणि रडून झालं की आपल्याला रडवेल. मग जावयाने डोकं चालवलं. झाकण तेच ठेवायचं, पडदा तोच, बटणं तीच, मांजर तीच, आणि आत हा नवा छोटा कॉम्प्युटर बसवायचा, त्या कोपऱ्यातल्या लाल फळाच्या खुणेचा. पडद्याची पट्टी दुरुस्तीवाल्याने शोधून दिली, वरून हरवलेला स्क्रूसुद्धा लावला. सगळ्यांनी शपथ घेतली. आणि वजन ओळखलं मी, म्हणून ह्यांनी मागाहून त्यात चकत्या घातल्या! मग मी वरून विजार घातली! आतून फडकं, बाहेरून रजई, त्या एवढ्याशा जीवाने श्वास कुठून घ्यायचा? जावई म्हणाला, "आई, तो तापला की स्वतःच बंद पडतो, जीव वाचवायला." म्हटलं, त्याला स्वतःचा जीव वाचवता येतो, माझा कोण वाचवणार होतं? आणि पोरीचं विचारलं तर म्हणतो, "ती मजेत आहे आई, बाकीचं तीच पडद्यावर सांगेल, मला शपथ आहे."

म्हणजे बघा, मला वाटत होतं कुणी विश्वास ठेवत नाही. अहो, विश्वास कसला! सगळ्यांना माहीत होतं! माझं बरोबर आहे हे माझ्याआधी सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मिळून मला वेड्यात काढत होते! दवंडीलासुद्धा माहीत होतं! जिच्या पोटात तीळ भिजत नाही तिने एवढी गोष्ट पोटात ठेवली, यावरून तुम्ही ओळखा मला किती घाबरतात. मी? मी काय वाघीण आहे? विचारलं तर दोघांनी एकदम चकत्यांकडे बघितलं.

दुरुस्तीवाल्याकडे जावं लागलं मग. भर दुकानात बोलले होते, तर माफीपण भर दुकानातच. मुद्दाम गिऱ्हाइकं आहेत तेव्हा गेले. म्हटलं, "लोकहो ऐका, हा माणूस चोर नाही. मी चुकले. फोन बिनधास्त द्या." आणि त्याला म्हटलं, "पण तूही ठोंब्याच आहेस. एवढी बोलले, तर तोंड उघडायचं ना!" तर चष्मा पुसत म्हणतो कसा, "काकू, तुम्ही उघडू दिलंत कुठे?" फोन परत नेलेली बाई होती ना, तिला मी घरून ओढून आणली. फोन त्याच्या हातात देऊनच सोडली.

नवी विजार शिवली. पातळ कापडाची, बुडाला आणि दोन्ही बाजूंना काजं. बटणाची काजं करतो ना आपण, तशीच, दोऱ्याने गुंफून, ओळीने, वारा जावा म्हणून. जावई बघत बसला होता. म्हणाला, "आई, एवढं नीट भोक आमच्याकडे मशीनला पण पाडता येत नाही." खुशामत! मला कळते खुशामत. पण काजं चांगलीच झाली होती, त्यात त्याचा काय दोष.

आणि मग लावला लॅपटॉप. आली पोर पडद्यावर, भरघोस. मी विचारलं, "इथे काय? बोल पटकन, आता हा तापत नाही." तर ती रडायलाच लागली. "आई, मी आता इथे राहणार नाही. माझी बदली तिकडे झाली. आम्ही दोघं तुमच्याकडेच राहायला येतोय. त्याला पुढे पाठवलंय खोली लावायला. तेव्हा डोळे सुजले होते ते सामान बांधताना उडालेल्या धुळीने." मी झाकण लावलं. म्हणजे आधी रडले, मग लावलं. म्हटलं, लॅपटॉपचं तोंड पुरे, आता खरं तोंड येतंय.

आता हा जावई दिवसभर घरातच काम करणार. मागच्या खोलीत, दार लावून, मीटिंग! कालच माझं शिवणाचं मशीन जरा वेगळाच आवाज करतंय असं वाटलं. हलकंपण वाटलं. बघितलं तर हा तेलाची कुपी घेऊन निष्पाप उभा.

दवंडी कालच विचारत होती, "मग शेवटी दोष कुणाचा ठरला?" आता तुम्हीच बघा. पोरीला बोलायचं तर ती येतेय म्हणून घर नाचतंय. दुरुस्तीवाल्याची तर मीच माफी मागितली. भुगा माझ्या कापडाचा होता, पण कापड काय मी विणते? ह्यांच्यावर टाकायची सोय होती, सगळं आयुष्य ह्यांच्यावरच टाकत आले, पण आता ह्यांना दोष दिला की हे जावयाकडे बघून हसतात, आणि दोघं मिळून हसायला लागले की माझ्या दोषाला वजन राहत नाही. आणि जावयाला दोष द्यायचा तर 'अहो जावईबापू' म्हणून भांडता येतं का? जीभच वळत नाही! मग काल पडद्यावर पोरीने त्याला हाक मारली ती मी ऐकून ठेवली. एवढा ताडमाड माणूस, दारातून वाकून जातो, आणि ही त्याला काय म्हणते ऐका. म्हटलं, हे बरंय, घरात राहायचंय ना, मग पाहुण्याचं नाव आता बंद. यापुढे या घरात जे बिघडेल, हरवेल, हलकं होईल, जड होईल, त्याला एकच जबाबदार...

टिल्ल्या!